तिसरा रकाना

मामा, तुमच्या जलदानविधीला विहारापुढच्या मांडवात गावातले एक मानाचे गृहस्थ माइक हातात घेऊन म्हणाले, "माणिकराव जन्मभर त्या फुटबॉलच्या नादात राहिले, तरी माणूस चांगला होता." बसलेल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. मामींनी पदर तोंडाला लावला. मी मात्र त्या 'तरी'पाशीच अडकले. उठून माइक घ्यावा आणि सांगावं, की अहो, चांगला होता तो त्या नादामुळेच. पण आईनं माझं मनगट असं घट्ट धरलं होतं की बांगडी रुतली. तिला भावाचं दुःख होतं आणि लेकीच्या तोंडाची भीती होती.

म्हणून इथं बोलते. तुमच्याशीच बोलते, कारण तुमचं-माझं एक भांडण अर्धवट राहिलंय. तुम्ही शेवटचे अकरा दिवस माझ्याशी बोलला नाहीत. बाराव्या दिवशी सकाळी मैदानावर पांढऱ्या फक्कीची रेघ मारता मारता खाली बसलात ते उठलाच नाहीत. हा काय भांडण मिटवायचा मार्ग झाला? पंच मैदान सोडून गेला म्हणून मॅच संपत नाही, हे तुमचंच वाक्य आहे. तेव्हा तुम्ही असा किंवा नसा, मी माझं म्हणणं पुरं करणार.

भांडण रिकाम्या जागेवरून होतं. ते सांगायचं तर जरा मागं जायला हवं.

पुण्याची नोकरी घरून करायची सोय झाली तशी मी बेंबळीला परत आले आणि तुमच्या ओट्यावर लॅपटॉप मांडून बसू लागले. आमच्या घरात रेंज येत नाही, तुमच्या ओट्यावर येते. तेव्हा मी पायथन शिकत होते. हात बसायला कुठले तरी आकडे हवे होते, म्हणून तुमच्या टीव्हीवर ज्या परदेशी लीगचे सामने चालायचे त्यांचेच घ्यायचे ठरवले. त्यासाठी एक लायब्ररी मिळाली. लायब्ररी म्हणजे कुणीतरी आधीच लिहून ठेवलेलं तयार काम. आपण फक्त लीगचं नाव आणि साल सांगायचं, ती इंटरनेटवर जाऊन आकडे आणते आणि रकाने पाडून पुढ्यात ठेवते. मी दोन ओळी लिहिल्या, एंटर दाबलं, आणि अख्ख्या हंगामाचा तक्ता स्क्रीनवर उतरला. कोण किती मिनिटं खेळला, किती गोल, किती पास, सगळं.

तुम्ही कपाळावरचा चष्मा खाली घेतलात. मला वाटलं, आता मशीनचं कौतुक कराल. तुम्ही विचारलंत, "एवढं समदं लिवतंय कोन?"

"असतात मामा माणसं बसवलेली. सामना बघून एकेक पास टिपतात."

"मंग त्यो बी आपल्यातलाच की," म्हणालात, आणि लांबच्या सोयऱ्याचा पत्ता लागावा तसा तुमचा चेहरा फुलला.

आपल्यातलाच, कारण तुम्हीही जन्मभर तेच केलंत. तरुणपणी कंडक्टर म्हणून कोल्हापूरकडं होतात, तिथं हे वेड लागलं, आणि बदली होऊन परत येताना ट्रंकेत कपडे कमी घेऊन एक बॉल आणलात. क्रिकेटवर जीव टाकणाऱ्या गावात वस्तीतली पोरं गोळा करून संघ उभा केलात. पुढं पोरींचाही केलात आणि मला मधल्या फळीत उभं केलंत, तेव्हा गावानं जे काय म्हणायचं ते म्हणून घेतलं. मुरुमशी, तामलवाडीशी सामने लावलेत. आणि प्रत्येक सामना संपला की लांब रजिस्टरात तो लिहून ठेवलात. एका गोलाला एक ओळ. पहिल्या रकान्यात गोल कुणी मारला. दुसऱ्यात, त्याला बॉल कुणी दिला. आणि तिसऱ्यात, त्या देणाऱ्याला कुणी दिला. ह्या तिसऱ्या रकान्याचं नाव तुम्ही ठेवलं होतं 'आधीचा'.

"मारणाऱ्याचं नाव गाव घेतंय," तुम्ही म्हणायचात. "देणाऱ्याचं नाव त्यो मारणारा घेतंय, त्ये बी मानूस बरा आसला तर. त्याच्या आधीच्याचं कोन घेनार? त्याच्यासाठी वही हाय."

माझ्या तक्त्यात मारणाऱ्याचा रकाना होता, देणाऱ्याचा होता. आधीचा नव्हता. तुम्ही तीनदा विचारलंत, मी तीनदा नाही म्हटलं. "म्हंजी अर्धंच लिवायलेत," असा निकाल देऊन तुम्ही मोकळे झालात.

त्यातला एक रकाना तर तुमच्या डोळ्यांत खुपला. अपेक्षित गोल. अमुक जागेवरून मारलेला बॉल शंभरातून किती वेळा आत जातो त्यावरून त्या फटक्याची किंमत ठरवतात, असं मी समजावलं, आणि एका फटक्यावर बोट ठेवून म्हटलं, "ह्याची किंमत शंभरात सात."

"आन ही अपेक्षा कुनाची?"

"कुणाची नाही मामा. गणित आहे."

"त्या गनिताला म्हाईत हाय का, पोरगं अनवानी हाय का बूट घालून हाय? आदल्या दिशी खुरपायला गेलतं का साळंत? आपल्या पोरांकडनं शंभरात एकाची बी अपेक्षा कुनी केली न्हवती. तरी गेले की गोल."

तेव्हा मी हसले होते. आता ते हसू आठवलं की स्वतःचाच राग येतो. पुण्यात पहिल्या मुलाखतीला माझं गाव ऐकून ज्यानं भुवई उचलली होती, त्याच्याही डोक्यात माझ्यासाठी असाच एक आकडा असणार, हे मला त्या दिवशी सुचायला हवं होतं. आणि बघा, 'तरी' तुम्हीही म्हणालात, पण तो कसा छाती काढून म्हणालात. मांडवातल्या त्या गृहस्थांना हा 'तरी' माहीतच नाही.

मग एका दुपारी तुम्ही म्हणालात, "आता बेंबळी टाक."

काय होणार ते मला ठाऊक होतं, तरी तुमच्या समाधानासाठी टाकलं. लाल अक्षरं आली. ही लीग वैध नाही, वैध लीग पुढीलप्रमाणे, आणि खाली यादी. तुम्ही मला ती यादी मराठीतून वाचायला लावलीत आणि शेवटपर्यंत ऐकलीत.

"म्हंजी आपन वैध न्हाय."

"तसं नाही हो. त्यांच्या यादीत नाही, एवढंच."

"यादीत न्हाय म्हंजी दुसरं काय आसतंय गं?" थोडा वेळ सुपारी कातरत बसलात. मग हळूच म्हणालात, "आपलं बी टाक की ह्याच्यात. वह्या हायत समद्या."

आणि मी म्हणाले, "पण मामा, बघणार कोण?"

तुम्ही अडकित्ता मिटून ठेवलात. मीही विसरून गेले. मांडवातल्या त्या माणसावर मी एवढी चिडले खरी, पण माझं 'बघणार कोण' त्याच्या 'तरी'चंच सख्खं भावंड होतं. मला त्याची लाज वाटते, मामा. हे तुमच्या तोंडावर सांगायला हवं होतं.

पुढं मी लिहायला घेतलं ते निव्वळ तुमचं मन राखायला. त्या लायब्ररीत आपली स्वतःची लीग जोडायची सोय असते, फक्त तक्ता तिला हवा तसा करून द्यावा लागतो. ओट्यावर तुम्ही रजिस्टर वाचायचं, मी टाइप करायचं. पहिलं रजिस्टर संपलं आणि मशीननं जाहीर केलं की बेंबळीच्या मैदानावरचा सर्वांत थोर खेळाडू म्हणजे सिद्धार्थ. तो बेंबळीकडूनही खेळला होता आणि बेंबळीविरुद्धही. एका सामन्यात तर त्यानं स्वतःकडून बॉल घेतला, स्वतःला दिला आणि स्वतःच गोल मारला. तुम्ही एवढे हसलात की मामी गॅसवरचं सोडून बाहेर आल्या. आपल्या वस्त्यांत घराआड एक सिद्धार्थ, आणि मशीनला वाटलं माणूस एकच आहे. चूक माझीच होती. तुम्ही 'शांताचा सिद्धार्थ', 'कौसल्याचा सिद्धार्थ' असं आईच्या नावानिशी वाचत होतात, आणि मला ते घरगुती बोलणं वाटलं म्हणून मी आईचं नाव गाळून टाकत होते. परदेशी तक्त्यात प्रत्येक खेळाडूला एक वेगळा नंबर दिलेला असतो. तुम्ही त्याच कामाला आई लावली होती.

"आईचं नाव गाळल्यावर पोरं एकमेकांत मिसळनारच की," तुम्ही डोळे पुसत म्हणालात. आपण सगळं पहिल्यापासून केलं. ते दिवस फार चांगले होते. रोज संध्याकाळी सहा वाजले की तुम्ही मैदानावर पळायचात आणि मला म्हणायचात, आजच्या पुरतं मशीन मिट.

मग त्या रिकाम्या जागा आल्या. तिसऱ्या रकान्यात कुठं आडवी रेघ असायची आणि कुठं काहीच नसायचं. रेघेचा अर्थ तुम्ही सांगितला होता. आधीचा कुणी नव्हताच, पेनल्टी होती किंवा बॉल सुटून आला होता. रिकाम्या जागेचा अर्थ सांगितला नव्हता, आणि मीही नीट विचारला नाही. ऑफिसात रोज लिहिते तो हुकूम लिहून टाकला. ज्या ओळीत काही रिकामं आहे, ती ओळच काढ. एका शब्दाचा हुकूम आहे तो. अपुरी माहिती ठेवली की पुढची बेरीज बिघडते, असं आम्हाला शिकवतात.

तुम्ही तक्त्यावरून बोट फिरवत खाली आलात, पुन्हा वर गेलात. "मुरुमची म्याच कुठं गेली?"

"त्या ओळी अर्धवट आहेत मामा. आधीचा कोण ते लिहिलेलं नाही. आठवत असेल तर सांगा, टाकते."

तुम्ही रजिस्टराचं पान उलटलंत.

"सांगा की."

"ऱ्हाऊ दे रिकामं. पन वळ काढू नको."

"रिकामं ठेवून उपयोग काय? एक तर नाव द्या, नाहीतर ओळ जाऊ द्या."

"एवढी वर्सं ज्या वळी म्या ठिवल्या, त्या तू एका बोटानं काढतीस?"

"अहो, मशीनला चालत नाही ते!"

हे खोटं होतं. मशीनला सगळं चालतं, मला चालत नव्हतं. तुम्ही रजिस्टर मिटलंत, काखेत मारलंत आणि आत गेलात. मीही लॅपटॉप उचलला. माघार घेणं आपल्या खानदानात कुणाला शिकवलेलंच नाही. दुसऱ्या दिवसापासून मी रेंजसाठी विहाराच्या पायरीवर बसू लागले. सायकलला फक्कीचं पोतं लावून तुम्ही समोरून जायचात, मान सरळ ठेवून. मला रोज वाटायचं, उद्या बोलू.

मांडवात भाषणं उरकली आणि जेवणं सुरू झाली, तेव्हा एक उंच म्हातारे गृहस्थ माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. कपाळावर भस्माचे पट्टे, हाताची बोटं वाकडी. मुरुमचे इरण्णा, तुमच्या वेळचे तिथले गोलकीपर. बोटं तुमच्याच पोरांच्या फटक्यांनी वाकडी झाली, असं त्यांनी मला आधी अभिमानानं सांगितलं.

"तूच का अव्वा, ती वही मशीनमधी घालनारी? माणिक फोनवर सांगतला. भाची लई शानी हाय म्हनला."

"कधी?"

"जायच्या आदल्या दिशी की."

म्हणजे माझ्याशी अबोला धरून होतात आणि मुरुमला फोन करून माझं कौतुक करत होतात. काय म्हणावं तुम्हाला!

मी ताट हातात घेऊन त्यांना विचारलं, मुरुमविरुद्धच्या सामन्यांत आधीचा रकाना मामांनी रिकामा का सोडला? इरण्णा माझ्याकडं बघतच राहिले.

"कोन आसनार दुसरं? त्योच की. मधी त्योच हुबा आसायचा. आमी जेवढे गोल खाल्लाव तेवढ्याची सुरवात ह्याच्या पायातनं."

"मग लिहिलं का नाही?"

"म्या बी इच्यारलतं. म्हनला, इरण्णा, वही माज्या हातात, आन नाव बी माजंच येत ऱ्हायलं तर वहीवर इश्वास कोन ठेवंल? म्हनून जागा सोडायचा. सोताचं लिवायचं न्हाय, आन दुसऱ्याचं नाव घालून खोटं बी लिवायचं न्हाय."

मी ताट तसंच खाली ठेवलं. अर्धवट म्हणून मी ज्या ओळी काढून टाकल्या, त्या तुम्ही होतात. तुमच्याच वहीतून, तुमच्याच ओट्यावर, तुमच्या डोळ्यांदेखत मी तुम्हाला एका शब्दानं पुसलं, आणि वर तोंड करून नाव विचारलं. 'मीच' म्हणायचं नाही आणि ओळही जाऊ द्यायची नाही, मग माणसानं रजिस्टर काखेत मारून आत जायचं नाही तर करायचं काय?

मामींनी सगळी रजिस्टरं माझ्या हवाली केली, जुन्या लुगड्याच्या धडप्यात बांधून. "जा घिऊन. माज्यासंगं बोलले न्हाईत एवढं ह्या वह्यासंगं बोललेत," असं फणकाऱ्यानं म्हणाल्या, आणि गाठ मात्र स्वतःच्या हातानं पुन्हा आवळून दिली. घरी आणून मी एकेक पान बघितलं. तुमचा गुडघा गेला आणि खेळणं सुटलं, त्या सामन्यापासून पुढं तिसऱ्या रकान्यात एकही जागा रिकामी नाही. नावं आहेत, नाहीतर रेघा आहेत. त्या पानावर मी रडले, मामा. आईनं बाहेरून दोनदा हाक मारली, मी दार उघडलं नाही.

रडायचं ते रडून झालं. आता ऐका.

तो हुकूम मी खोडला आहे. एकूण एक ओळ परत आली. मग इरण्णांना मुरुमहून बोलावून घेतलं. ते दोन दिवस तुमच्या ओट्यावर बसले आणि मुरुमचे सगळे सामने मी त्यांना वाचून दाखवले. ज्या गोलाला त्यांनी 'व्हय, माणिकच' म्हटलं, तिथं नाव घातलं. एका ठिकाणी ते म्हणाले, आठवत नाही. मला खात्री होती, तुम्हीच असणार. तरी तिथं नाव घातलं नाही. तामलवाडीच्या सामन्यांना अजून साक्षीदार मिळालेला नाही, तिथल्याही जागा रिकाम्याच आहेत. नाव नाही म्हणून ओळ मात्र काढलेली नाही. म्हणजे भांडण तुम्ही जिंकलात. लेखी देते.

पण नाव घातलं, ह्यावर तुम्ही खवळाल, हेही मला ठाऊक आहे. खवळा. आपलं नाव आपल्या हातानं लिहायचं नाही, हा तुमचा नेम होता आणि तो तुम्ही पाळलात. हा हात माझा आहे. तुम्ही सगळ्या वस्तीला आईच्या नावानं अमर करायचं आणि आमच्या आजीचं नाव तेवढं वगळायचं, हे मी चालू देणार नाही. तक्त्यात आता 'चंद्राबाईचा माणिक' आहे.

काल सकाळी मी तुमच्या ओट्यावर बसून बेंबळी टाकलं. लाल अक्षरं आली नाहीत. तक्ता आला, त्यांच्या तक्त्यासारखाच, वर तिसरा रकाना जास्तीचा. तो मी इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुला करून ठेवलाय, आता जगात कुणीही ते नाव टाकलं तर त्याला मिळेल. 'आधीचा'मध्ये तुम्ही पहिले नाही आलात. शांताचा सिद्धार्थ पुढं आहे, कौसल्याचाही आहे. एकही आकडा हलवलेला नाही, वाटल्यास वही लावून बघा.

बघणार कोण, असं मी विचारलं होतं ना? सगळ्यांत आधी मामींनी बघितलं. "ह्यात कुठं हायत?" म्हणाल्या. मी त्यांचं बोट धरून ओळीवर ठेवलं. त्यांनी ते बराच वेळ उचललं नाही. मग पदरानं स्क्रीन पुसली आणि सासूचं नाव बघून म्हणाल्या, "आत्याबायचं बी नाव आलं की गं."

येत्या रविवारी मुरुमच्या पोरी येताहेत. तुम्ही अर्धवट सोडलेली फक्कीची रेघ मी आज कोपऱ्यापर्यंत नेली. मांडवातले ते गृहस्थ रस्त्यानं जाताना थांबून म्हणाले, आता तू पण त्या नादाला लागलीस काय? मी म्हटलं, व्हय. रविवारी मी मधल्या फळीत उभी राहणार आहे, आणि वहीही आता माझ्याच हातात आहे. माझ्या पायातून सुरू झालेल्या गोलाला मी तिसरा रकाना रिकामा सोडणार. ती ओळ काढून दाखवावी कुणीतरी.